व्हेनिसचं सान निकोलो देई मेंदिकोली: कोळ्यांचं चर्च, त्यांचा 'दोजे' आणि फरशीखालचं पाणी

खाडीकाठ

दोर्सोदुरो या विभागाच्या अगदी पश्चिम टोकाला, जिथे जुनं व्हेनिस संपून बंदराचा धक्का लागतो, तिथे हे चर्च आहे. तीन बाजूंना कालवे, समोर लहानसा कांपो (व्हेनिसमध्ये चौकाला कांपो म्हणतात, पियात्सा फक्त सान मार्कोची), कांपोत बुटक्या खांबावर पंखवाला सिंह. पर्यटकांची गर्दी इथपर्यंत क्वचितच येते.

आधी नावाचा गोंधळ, कारण त्यापायी लोक भलत्याच बोटीत बसतात. व्हेनिसमध्ये संत निकोलस एका ठिकाणी नाही. लीदो बेटावर सान निकोलो आल लीदो आहे. आपल्याकडे संताचे अवशेष आहेत असा दावा व्हेनिसवाले त्याच चर्चच्या जोरावर करतात, दक्षिण इटलीतल्या बारी शहराचाही तोच दावा, त्यामुळे बारीवाले अर्थातच ते मान्य करत नाहीत. रेल्वे स्टेशनच्या बाजूला सान निकोला दा तोलेंतीनो आहे, तो तर वेगळाच संत. आणि हे तिसरं, मेंदिकोलींचं. 'मेंदिकोली' म्हणजे भिकारी, गोरगरीब, असा एक अर्थ लावतात. या बेटाचं जुनं नाव मेंदिगोला होतं आणि तेच पुढे चिकटलं, असं दुसरं मत आहे. दोन्ही अर्थ इथल्या वस्तीला लागू पडतात. मासेमारी करणारे, जाळी विणणारे, हातावर पोट असलेले लोक इथे राहायचे.

परंपरा सांगते की लोंबार्द आक्रमणापासून पळालेल्या पादुआच्या लोकांनी सातव्या शतकात इथे पहिलं चर्च बांधलं. आज उभी आहे ती मुळातली बाराव्या शतकातली इमारत. मधलं उंच दालन आणि दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी हा सांगाडा तेव्हाचा, खांबांची शीर्षं चौदाव्या शतकातली, दर्शनी पोर्च पंधराव्या शतकातला आणि कालव्याकडची दर्शनी भिंत अठराव्या शतकातली. शेजारचा चौकोनी, जाडजूड घंटाघराचा मनोराही बाराव्या शतकातला.

पोर्चकडे नीट पाहा. दरवाज्यापुढे खांबांवर टेकलेलं उतरतं छप्पर, आपल्याकडच्या घराच्या पडवीसारखं. एकेकाळी व्हेनिसच्या बऱ्याच चर्चना असा पोर्च होता. आता हा आणि रिआल्तोच्या सान जाकोमोचा, असे दोनच उरलेत. त्याचा उपयोग शोभेपुरता नव्हता. पिंत्सोकेरे म्हणजे संन्यस्त व्रत घेतलेल्या निर्धन बायका, त्यांना इथे आसरा मिळायचा.

आत शिरल्यावर मात्र गरिबांचं चर्च ही कल्पना उडून जाते. मधल्या दालनाच्या कमानींवर सोनेरी मुलामा दिलेलं लाकूडकाम आणि त्यात प्रेषितांचे पुतळे, सोळाव्या शतकाच्या अखेरचे. वर चित्रांची रांग. सोळाव्या शतकातला नामवंत चित्रकार वेरोनेझे, त्याचा भाचा आल्वीझे दाल फ्रीझो आणि त्या परंपरेतल्या इतरांची ही कामं. छताच्या मध्यभागी फ्रांचेस्को मोंतेमेत्सानोने रंगवलेला संत निकोलसचा स्वर्गातला गौरव. वेरोनेझेची माणसं इथे का, याचं उत्तर पाच मिनिटांच्या चालीवर आहे: सान सेबास्त्यानो. ते चर्च वेरोनेझेने वर्षानुवर्षं रंगवलं आणि १५८८ मध्ये त्याला तिथेच पुरलं. एवढी कारागीर मंडळी शेजारी असताना कोळ्यांनी लांबून कोणाला कशाला बोलवावं?

सगळी चित्रं कॅनव्हासवर आहेत, भिंतीवर नाहीत. खाऱ्या ओलीत ओल्या गिलाव्यावरचं भित्तिचित्र फार टिकत नाही हे व्हेनिसने लवकर ओळखलं, आणि शिडाचं कापड तर शहरात ढिगाने होतं.

ओलीबद्दल सविस्तर लिहायचंय, पण आधी प्रश्न येऊ द्या.

मुसाफिर२७

छान धागा. शीर्षकात कोळ्यांचा दोजे म्हटलंय. दोजे म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख ना? मग कोळ्यांचा वेगळा कसा?

जुनीनाणी

मुसाफिर, तो मानाचा दोजे. खरं पद 'गास्ताल्दो', म्हणजे पंचमंडळाचा मुख्य. याच चर्चमध्ये परिसरातले कोळी जमून त्याची निवड करायचे आणि मग तो खऱ्या दोजेच्या भेटीला जायचा. लोक त्याला 'निकोलोत्तींचा दोजे' म्हणत.

निकोलोत्ती हे नाव याच चर्चवरून पडलंय. सगळं शहर दोन तटांत वाटलेलं होतं: पश्चिमेकडचे निकोलोत्ती आणि पूर्वेकडचे कास्तेल्लानी. कास्तेल्लानींचं नाव सान पिएत्रो दी कास्तेल्लोवरून, आणि त्यांच्यात आर्सेनाले या गोदीतले कामगार जास्त. निकोलोत्तींची टोपी आणि कमरपट्टा काळा, कास्तेल्लानींचा लाल.

निकोलोत्तींचा एक टोमणा प्रसिद्ध आहे: 'तू दोजेला वल्हवतोस, मी दोजेबरोबर वल्हवतो.' स्वर्गारोहणाच्या सणाला दोजेची सोनेरी नौका बुचिंतोरो समुद्रात जायची. ती वल्हवायचा मान गोदी कामगारांचा, म्हणजे कास्तेल्लानींचा. पण कोळ्यांच्या गास्ताल्दोची होडी तिच्या सोबतीने जायची. त्यामुळे तुम्ही राबता, आम्ही शेजारी बसतो, असं ते चिडवणं.

मान नुसता तोंडी नव्हता, त्याला पोटापाण्याची बाजू होती. मासळी बाजारात किरकोळ विक्री करण्याचा हक्क ज्या संघाकडे होता, त्यात शिरायला अट अशी: माणूस सान निकोलोचा किंवा पोवेल्या बेटाचा कोळी असला पाहिजे, त्याने किमान २० वर्षं मासेमारी केलेली असली पाहिजे आणि वय ५० च्या पुढे पाहिजे. हे म्हणजे म्हातारपणाची पेन्शनच. हात थकले की होडी मुलाकडे आणि आपण बाजारात ओट्यावर.

पागोळी

मुठींच्या लढाया यांच्याच ना?

जुनीनाणी

हो. सान बार्नाबाजवळ पोंते देई पुन्यी, म्हणजे मुठींचा पूल. दोन तटांची सीमा तिथून जायची. पुलाच्या माथ्यावर चार कोपऱ्यांत दगडात पावलांचे ठसे आहेत, लढणाऱ्याने पाय तिथे रोवायचा. त्या काळी पुलांना कठडे नव्हते, त्यामुळे हरणारा थेट कालव्यात. १७०५ च्या सप्टेंबरात मारामारी दगड आणि सुऱ्यांवर गेली आणि त्यानंतर सरकारने बंदी घातली. पुढे हा जोश माणसांचे मनोरे रचण्यात गेला. 'हर्क्युलिसचं बळ' म्हणायचे त्याला. आपल्या दहीहंडीच्या थरांशी तुलना करायचा मोह होतो, पण तिथे वर फोडायला काही टांगलेलं नसायचं. थर उभा राहणं हाच खेळ.

वसईचीवाट

शब्दाबद्दल एक. वसईकडचे मराठी ख्रिस्ती 'पॅरिश'ला धर्मग्राम म्हणतात. व्हेनिसच्या बाबतीत हा शब्द फार चपखल बसतो, कारण तिथे धर्मग्राम आणि सरकारी वॉर्ड एकच होता. 'कोंत्रादा' म्हणजे दोन्ही. शहरात अशा सत्तरच्या आसपास कोंत्रादा होत्या. शिरगणती, कर, गरिबांची यादी, सगळं धर्मगुरूच्या हातून जायचं. आणि या धर्मगुरूला बिशप परस्पर नेमत नसे. त्या कोंत्रादेतले घरमालक मतं देऊन निवडायचे, बिशपची मान्यता मागाहून. इटलीत इतरत्र हे सर्रास नव्हतं.

वंशावळ किंवा वस्तीचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी: १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या त्रेंतोच्या परिषदेने लग्नं धर्मगुरूसमोरच व्हावीत आणि त्याने नोंदवही ठेवावी असा नियम केला. त्यामुळे साधारण त्यानंतरच्या वह्या मिळण्याची शक्यता जास्त. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू अशा वेगळ्या वह्या असतात. शिवाय 'स्तातो देल्ले आनिमे' म्हणून घरवार माणसांची यादी असते. कोण कुठल्या गल्लीत राहायचं, धंदा काय, घरात नोकर किती, हे त्या यादीत सापडतं. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. व्हेनिसचं सरकारी वर्ष १ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखेवर मागच्या वर्षाचा आकडा दिसू शकतो. अशा तारखेपुढे 'एम. व्ही.' ही अक्षरं असली की 'व्हेनिसच्या रीतीने' असं समजायचं. आणि पत्ता गल्ली-नंबरने शोधू नका. तेव्हा तसे नंबर नव्हते, आणि आजही घरांचे नंबर गल्लीवार नसून अख्ख्या विभागात सलग धावतात.

१७९७ मध्ये प्रजासत्ताक पडलं. मग नेपोलियनच्या राजवटीत आधी १८०७ मध्ये धर्मग्रामं सत्तरवरून चाळीसवर आणली, १८१० मध्ये तीसवर. जुनी वही शोधताना ती कुठल्या चर्चकडे वर्ग झाली हे आधी पाहावं लागतं, नाहीतर चुकीच्या कपाटापुढे दिवस जातो.

खाडीकाठ

@वसईचीवाट, १ मार्चचा मुद्दा भारी. यात बरेच जण फसतात.

आता ओल. १९६६ च्या ४ नोव्हेंबरला पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं. हे माप पुंता देल्ला सालुते इथल्या १८९७ च्या शून्यापासूनचं, हे विसरू नका, लोक ते रस्त्यावरच्या पाण्याची खोली समजतात. त्या पुरानंतर बाहेरच्या देशांतून मदत आली. ब्रिटिशांचा निधी राजदूत राहिलेल्या सर अ‍ॅशली क्लार्क यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि १९७१ मध्ये त्याची 'व्हेनिस इन पेरिल' ही संस्था झाली. सान निकोलोची दुरुस्ती त्यांनीच १९७० च्या दशकात केली. तेव्हा चर्चची फरशी आजूबाजूच्या कालव्यांच्या पातळीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर खाली होती. ती उचलली, छप्पर आणि पन्हळी नव्याने केल्या, चित्रं आणि लाकूडकाम साफ केलं.

मुसाफिर२७

फरशी पाण्याच्या खाली कशी गेली? बांधतानाच तशी होती?

चुनखडी

नाही, कोणी वेडा पाण्याखाली बांधत नाही. हळूहळू झालं. फक्त विसाव्या शतकात व्हेनिसने समुद्राच्या तुलनेत सुमारे २३ सेंटिमीटर गमावले. त्यातले साधारण १२ जमीन खचल्याने आणि ११ समुद्र चढल्याने. खचण्याचा मोठा वाटा १९५० ते १९७० मधला, खाडीपलीकडच्या मार्गेराच्या कारखान्यांसाठी जमिनीखालचं पाणी उपसलं तेव्हाचा. बाराव्या शतकापासूनचा हिशेब धरा म्हणजे कळेल.

पण फरशीपेक्षा भिंतीचं दुखणं अवघड. व्हेनिसची भिंत कशी असते ते खालून वर बघा. चिखलात ठोकलेले लाकडी खुंट, बहुतेक आखूड. खोल कडक थरापर्यंत पोचवायचे असं नसे, माती दाबून घट्ट करणं हा हेतू. त्यावर आडव्या फळ्या. फळ्यांवर इस्त्रियाच्या दगडाचे थर. आणि मग वीट. खुंट कुजत नाहीत, कारण चिखलात हवा नाही. ते उघडे पडले, म्हणजे पाणी उतरलं किंवा बोटींच्या लाटांनी गाळ खरवडला, की मग कुजतात.

कळीची गोष्ट इस्त्रियाचा दगड. हा चुनखडीचा फार घट्ट दगड, पाणी जवळजवळ शोषत नाही. जोत्याला त्याचा पट्टा लावला की ओल तिथेच अडते. जुन्या गवंड्यांनी तो पट्टा भरतीच्या रेषेच्या वरपर्यंत नेला होता. समुद्र चढला, शहर खचलं, भरती त्या पट्ट्याच्या डोक्यावरून गेली आणि सरळ विटेला भिडली. तिथून खेळ बदलला. वीट खारं पाणी दिव्याच्या वातीसारखं वर ओढते, दोन-तीन मीटरपर्यंत सहज. वर जाऊन पाणी उडून जातं आणि मीठ राहतं. मिठाचा खडा विटेच्या छिद्रात वाढतो आणि वीट आतून फुटते. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो तोच प्रकार, फक्त इथे मिठाचा पुरवठा समुद्राकडून दिवसातून दोनदा.

म्हणून सगळ्यात जास्त नासाडी पाण्याच्या रेषेवर होत नाही, तिच्यावर एक-दोन मीटरवर होते, जिथे ओल सुकते तिथे. चर्चमध्ये खांद्याच्या उंचीवर गिलाव्याचे पोपडे दिसले तर छप्पर गळतंय असं समजू नका. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागेल. (लावू नका. जुन्या भिंतीवर काय काय असतं.)

पागोळी

+१. पण लोक या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून मोकळे होतात, त्याचं पण लिहा की.

चुनखडी

तोच तर मोठा गुन्हा. सिमेंट पाणी बाहेर सोडत नाही. मग ओल गिलाव्याच्या मागून वर वर चढते आणि सिमेंट संपतं तिथे बाहेर पडते. म्हणजे दीड मीटरची ओल तीन मीटरवर. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षार आणतं. पाच-सात वर्षांनी अख्खी पापुद्र्याची लादी विटेचा पृष्ठभाग घेऊन खाली येते.

बरी पद्धत संथ आहे. आधी सिमेंट काढायचं, छिन्नीने, मशीनच्या हातोड्याने नाही. मग मीठ काढायचं. कागदाचा लगदा शुद्ध, क्षारमुक्त पाण्यात भिजवून एक-दोन सेंटिमीटर जाड थापायचा आणि सुकू द्यायचा. सुकताना तो भिंतीतलं मीठ आपल्यात ओढतो. काढलेला लगदा ठरावीक पाण्यात ढवळून त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजायची, आणि आकडा घसरायचा थांबेपर्यंत नवे लेप देत राहायचं. एका लेपात भागत नाही. लेप पूर्ण सुकायच्या आधी काढला तर मीठ उलट आत ढकललं जातं, ही नेहमीची चूक.

ज्या विटा पीठ झाल्यात त्या बदलाव्या लागतात. याला तिथे 'स्कूची-कूची' म्हणतात, शब्दशः उसव-शिव. एका वेळी थोड्याच विटा काढायच्या, नव्या बसवायच्या, चुना धरला की शेजारच्या. घाईत लांब पट्टा उघडला की वरचं वजन बसतं आणि भिंतीला तिरकी चीर जाते. नवी वीट जुनीपेक्षा कडक नको, नाहीतर मीठ आजूबाजूच्या जुन्या विटांकडे वळतं.

शेवटी चुन्याचा गिलावा. चुना एक भाग, वाळू आणि विटेची भुकटी मिळून साधारण तीन भाग. विटेच्या भुकटीच्या या मिश्रणाला 'कोच्चोपेस्तो' म्हणतात. आपली सुरखी. ओलसर जागी धरतो, पाण्याची वाफ सोडतो, आणि मीठ आलंच तर भिंतीऐवजी स्वतः झडतो. तो झडण्यासाठीच असतो. वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा करायचा. ट्रस्टी मंडळींना हे पटवणं सगळ्यात कठीण, कारण त्यांना 'कायमचा' गिलावा हवा असतो.

पागोळी

माझा आक्षेप फरशी उचलण्याला आहे. खांबांचे तळखडे गाडले जातात आणि दालन बुटकं दिसतं. बाराव्या शतकातल्या माणसाने ठरवलेलं प्रमाण गेलं.

चुनखडी

मान्य, पण पर्याय काय? फरशी होती तिथेच ठेवून खाली पाणबंद टोपली करायची, म्हणजे पडदा अंथरून वर काँक्रीटचा थर. गणित करा. पाण्याच्या प्रत्येक सेंटिमीटर दाबाला चौरस मीटरमागे १० किलोचा वर ढकलणारा जोर. फरशी ३० सेंटिमीटर खाली असेल तर ३०० किलो. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो, म्हणजे नुसता तोल साधायला साडेबारा सेंटिमीटर जाडी. उधाणाला पाणी एक मीटर वर गेलं तर हजार किलो, म्हणजे चाळीस सेंटिमीटरच्या वर. एवढं काँक्रीट बसवायला खाली खणावं लागतं, आणि खाली जुनी थडगी, जुन्या फरश्या, जुना पाया. कमी जाडी ठेवली की फरशी मधून फुगते आणि कडेने फाटते.

शिवाय पाणी फरशीतून वर येणं थांबलं की ते भिंतीच्या बुडाशी जमा होतं. म्हणजे फरशी कोरडी, भिंत आणखी ओली. भिंतीत आडवा काप घेऊन शिशाचा किंवा प्लॅस्टिकचा पत्रा सारला तर ते थांबतं, पण जुन्या भिंतीत तो काप थोडा थोडा घ्यावा लागतो आणि खर्च छाती दडपणारा. त्यापेक्षा फरशी उचलणं हे व्हेनिसचं जुनंच औषध आहे. शहरभर घराघरांत हेच झालंय. बुटके दरवाजे आणि अर्धे गाडलेले खांब ही तिथली भाषाच आहे.

पागोळी

गणित पटलं. प्रमाण गेलं हे दुःख राहणारच.

वसईचीवाट

आता समुद्राचं उधाण अडवणारे मोझेचे दरवाजे आलेत, मग प्रश्न सुटला नाही का?

खाडीकाठ

अर्धा. लीदो, मालामोक्को आणि किओज्जा या खाडीच्या तीन मुखांवर मिळून ७८ दरवाजे, पहिल्यांदा खरोखरीचं पाणी अडवलं ३ ऑक्टोबर २०२० ला. त्याच्या साधारण वर्षभर आधी, १२ नोव्हेंबर २०१९ ला १८७ सेंटिमीटर झालं होतं. तसली रात्र आता टळते. पण दरवाजे साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज असेल तेव्हा उचलतात. रोजची भरती-ओहोटी चालूच असते, आणि भिंत खाते ती रोजची भरती. एका रात्रीच्या पुराने बाक आणि दारं भिजतात, मीठ मात्र वर्षाच्या सातशे भरत्या चढवतात.

वस्तीबद्दल थोडं, नाहीतर धागा नुसता गिलाव्याचा होईल.

चर्चच्या पलीकडे सान्ता मार्ताचा वाळूचा किनारा होता. जुलैच्या अखेरीस संत मार्थेच्या सणाला रात्री होड्या सजवून लोक इथे जमायचे आणि रेपटीच्या जातीचा चपटा मासा खायचे. तळून, कांद्यासोबत व्हिनेगरमध्ये मुरवलेला: 'साओर'. मूळची ही खलाशांची टिकवण्याची पद्धत. पांढरा कांदा मंद आचेवर लाल न होऊ देता शिजवायचा, व्हिनेगर घालायचं, आणि तळलेल्या माशांवर थर देऊन किमान एक दिवस ठेवायचं. त्याच दिवशी खाल्लं तर नुसतं आंबट लागतं.

हा किनारा आता नाही. १८४६ मध्ये रेल्वेचा पूल आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंदर सान मार्कोसमोरून हलवून इथे आणलं. भराव पडला, धक्के बांधले, रूळ आले. सान्ता मार्ताचा मठ बंदराच्या कुंपणात गेला. १८८३ मध्ये सुताची गिरणी निघाली, कोत्तोनिफीचो वेनेत्सियानो. कोळ्यांच्या लेकीसुना गिरणीत जाऊ लागल्या, पुरुष बंदरात हमालीला. आमच्याकडे गिरणगाव म्हणतात, तसा व्हेनिसचा गिरणगाव हाच. पुढे कामगारांसाठी सान्ता मार्तात चाळवजा वसाहत बांधली गेली. गिरणी १९६० मध्ये बंद पडली. आता त्या लांबलचक विटेच्या इमारतीत वास्तुशास्त्राचं विद्यापीठ आहे, आणि शेजारच्या तेरेझे मठातही विद्यार्थी. भाडेकरू बदलले, मात्र आजही इथल्या दोऱ्यांवर कपडे वाळत दिसतात. सान मार्कोच्या आसपास ते दृश्य आता दुर्मीळ झालंय.

मुसाफिर२७

जायचं कसं आणि काय चुकवू नये?

खाडीकाठ

पियात्साले रोमा बसस्थानकापासून चालत पंधरा मिनिटं, किंवा बोटीने सान्ता मार्ता थांबा. सकाळी जा, दुपारी बहुतेक चर्चं बंद असतात. मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) चालू असेल तर मागे बसा, फिरू नका, हे लोकांचं चालू धर्मग्राम आहे, संग्रहालय नाही. खांदे झाकलेले असू द्या. वाटेत सान सेबास्त्यानो आणि आंजेलो राफाएले ही दोन्ही चर्चं लागतात.

जुनीनाणी

कांपोत फिरताना विहिरीचा दगडी कठडा दिसला तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. व्हेनिसच्या विहिरीला झरा नसतो. कांपोत पाच-सहा मीटर खड्डा, त्याला आतून चिकणमातीचं अस्तर, मध्ये विटांची गोल विहीर, आणि बाकी सगळी वाळू. पावसाचं पाणी कांपोच्या फरशीतल्या भोकं पाडलेल्या चार दगडांतून आत जातं, वाळूतून गाळून विहिरीत येतं. म्हणून कांपोची फरशी त्या दगडांकडे उतरती असते. मोठी भरती फरशीवर चढली की खारं पाणी त्याच भोकांतून आत, आणि विहीर नासली. मग गोड्या पाण्यासाठी ब्रेंता नदीवरून होड्या. १८८४ मध्ये नळ आला तेव्हा हा व्याप संपला.

चुनखडी

त्या सोनेरी लाकूडकामाचं राहिलं. लाकडावर खडू-सरसाचा थर, त्यावर तांबड्या मातीचा लेप, त्यावर सोन्याचा वर्ख. हवेतली ओल बदलली की लाकूड फुगतं-आकसतं, खडूचा थर तसं करत नाही, म्हणून चीर जाते आणि वर्खासकट टवका सुटतो. ओलसर चर्चमध्येही हे लाकूड चारशे वर्षं तगलं, कारण ओल कायम एकसारखी होती. खरा धोका रविवारी मिस्सेपुरता तासभर लावलेल्या गरम हवेच्या पंख्याचा. हवा एकदम कोरडी, संध्याकाळी पुन्हा ओली. गरम करायचंच तर माणसं बसतात तिथे, बाकांखाली मंद उष्णता, आणि वरचं लाकूड जसं आहे तसं राहू द्यायचं. प्रेषितांच्या पायाशी सोनेरी भुगा पडलेला दिसला तर झाडू मारायच्या आधी तो गोळा करून, कुठल्या पुतळ्याखाली सापडला ते लिहून ठेवायचा. टवके मोठे असतील तर ते परत चिकटवता येतात.

पागोळी

आणि पन्हळी. ओल वरून आहे की खालून, हे ठरवायचं असेल तर पाऊस पडून गेल्यावर दोन तासांनी घंटाघराच्या बाजूची भिंत बघा. डाग वरून खाली टोकदार होत गेला असेल तर पन्हळ तुंबलीय, कबुतरांच्या काड्यांनी बहुधा. डाग खालून वर आणि माथा सपाट असेल तर चुनखडींचा विषय.